धमनी की शीर? बायपासमधल्या निवडीची समीक्षा

(सिंदी (रेल्वे) येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं हृदयाच्या ऑपरेशनात काय काम? प्रश्न रास्त आहे. ऑपरेशन कसं करावं हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण बायपास करताना कोणती रक्तवाहिनी वापरायची, हे ज्या युक्तिवादांवर ठरतं ते युक्तिवाद मराठीत मांडता येतात. जे मांडता येतं ते तपासताही येतं. आज एवढंच करायचं आहे.

दोन घोषणा आम्ही समोर ठेवतो. पहिली म्हणते, ‘सगळ्या धमन्याच वापरा, पायाची शीर आता जुनी झाली.’ दुसरी म्हणते, ‘मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. एक धमनी आणि बाकी पायाची शीर, एवढं पुरे.’ दोन्ही घोषणा पुराव्याचा हवाला देतात. आमचं म्हणणं असं की दोन्ही घोषणा पुराव्यापेक्षा जास्त बोलतात, आणि या जास्त बोलण्याची किंमत सिंदीतून नागपूरला जाणारा पेशंट भरतो.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्याकडे बायपास झालेल्या माणसाला विचारा, काय केलं म्हणून. तो पायजमा वर करून पोटरीवरची खूण दाखवतो, ‘पायाची नस काढून लावली.’ दुसरा म्हणतो, ‘छातीतली नस लावली.’ दोघांचा शब्द एकच, नस. पण मराठीत इथे दोन शब्द आहेत. धमनी आणि शीर. जुन्या पाठ्यपुस्तकांत रोहिणी आणि नीला असे फार सुंदर शब्द होते. धमनी हृदयाकडून रक्त नेते, जोराचा दाब सोसते, तिची भिंत त्यासाठीच बनलेली असते. शीर रक्त परत आणते, कमी दाबाखाली. तिच्या आत झडपा असतात, म्हणून ती हृदयावर जोडताना उलटी फिरवून जोडावी लागते. ज्या शिरेने जन्मभर संथ रक्त वाहिलं तिला एका दिवसात धमनीच्या दाबाखाली कामाला लावायचं, असा तो प्रकार आहे. ती काम करते, चांगलं करते, पण कालांतराने तिची आतली भिंत जाड होत जाते.

आता बघा, ‘नस लावणार’ असं सांगितलं गेलं आणि घरच्यांनी सही केली, तर तिथे एक निवड झाली हेच त्यांना कळत नाही. वस्तूला वेगळं नाव नसलं की निवड दिसत नाही. म्हणून आज आम्ही नस हा शब्द बाजूला ठेवतो. धमनी आणि शीर, असंच बोलू.

पर्याय कोणते आहेत? छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, आतल्या बाजूने, एकेक धमनी खाली जाते. डावीला सर्जन मंडळी ‘लिमा’ म्हणतात, उजवीला ‘रिमा’. लिमाचं वरचं टोक जागेवरच राहू देतात, खालचं टोक सोडवून हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला जोडतात. त्या मोठ्या धमनीला ‘एलएडी’ म्हणतात. तिसरा पर्याय मनगटाची धमनी, म्हणजे वैद्य जिथे नाडी बघतात ती. तिच्यासोबत हातात दुसरीही धमनी असते, म्हणून एक काढली तरी पंजा जगतो. पण आधी तपासावं लागतं. दोन्ही दाबून धरायच्या, मग एकच सोडायची आणि तळहातावर लाली परत येते का ते बघायचं. चौथा, क्वचित वापरला जाणारा पर्याय जठराच्या कडेच्या धमनीचा. आणि पाचवी आपली ओळखीची पायाची शीर.

इतिहास थोडक्यात. १९६४ मध्ये लेनिनग्राडला कोलेसोव्ह यांनी छातीची धमनी हृदयाच्या धमनीला जोडली. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला अर्जेंटिनाचे फावालोरो यांनी पायाची शीर वापरली, आणि पुढे जगभर शीरच चालली. कारण साधं आहे. शीर लांब असते, हाताशी असते, काढायला सोपी असते. फ्रान्समध्ये कार्पेंतिए यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मनगटाची धमनी वापरून पाहिली, पण तिची स्नायूंची भिंत जाड, ती आखडून बंद पडायची. ती मागे पडली. आखडू नये म्हणून औषधं आणि हलक्या हाताने काढण्याची पद्धत आल्यावर १९९२ च्या सुमारास ती परत आली.

आता मुख्य मुद्दा. १९८६ साली क्लीव्हलंडच्याच डॉक्टरांनी दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. ज्यांच्या एलएडीला छातीची धमनी जोडली होती त्यांच्या तुलनेत, फक्त शिरा जोडलेल्यांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका १.६१ पट निघाला. धमनीची टिकाऊ वृत्तीही दिसली. दहा वर्षांनी लिमा दहातल्या नऊ जणांत उघडी असते, शिरांपैकी मात्र जवळपास निम्म्या बंद किंवा खराब झालेल्या असतात. तेव्हापासून लिमा एलएडीला, हा नियम झाला. यावर आज वाद नाही.

वाद पुढे आहे. एक धमनी इतकी चांगली, तर दोन धमन्या आणखी चांगल्या? क्लीव्हलंडच्याच नोंदी आणि नंतर इतर अनेक रुग्णालयांच्या नोंदी ‘होय’ म्हणाल्या. दोन धमन्या लावलेले लोक जास्त जगले. इथे आमचं शास्त्र उपयोगी पडतं.

न्यायशास्त्रात एक जुना धडा आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं का? लोखंडाचा गोळा तापवून लाल केला तर अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने येतो? ओल्या लाकडाने. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. दोन गोष्टी सोबत दिसतात, पण त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट लपलेली असते. ती ओळखली नाही तर अनुमान फसतं.

दोन धमन्यांच्या नोंदींत ओलं लाकूड कुठे आहे? सर्जनच्या निवडीत. दुसरी धमनी काढायला वेळ लागतो, कौशल्य लागतं, छातीचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. म्हणून सर्जन ती कोणाला लावतो? तरण्या, तब्येतीने बऱ्या, साखर आटोक्यात असलेल्या माणसाला. असा माणूस एरवीही जास्त जगला असता. आकडेमोडीने काही फरक पुसता येतात, पण सर्जनच्या डोळ्याला जे दिसलं आणि कागदावर उतरलं नाही ते कोणती आकडेमोड पुसणार?

उपाधी घालवायचा एकच खात्रीचा मार्ग. कोणाला काय लावायचं हे सर्जनने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. ती चाचणी झाली. नाव ‘आर्ट’. ऑक्सफर्डचे टॅगर्ट हे तिचे प्रमुख. सात देशांतली २८ रुग्णालयं, त्यांत भारतही होता. ३,१०२ रुग्ण. दहा वर्षांचा निकाल २०१९ मध्ये आला. छातीच्या दोन्ही धमन्या ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांच्यातले २०.३ टक्के वारले, एक धमनी ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्यातले २१.२ टक्के. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दुसऱ्या घोषणेचा जन्म इथे झाला, ‘फरक नाही, तेव्हा विषय संपला.’

संपला का? जरा आत बघू. दोन धमन्यांची चिठ्ठी निघालेल्यांपैकी साधारण १४ टक्के लोकांना प्रत्यक्षात दोन लागल्याच नाहीत. सर्जनने ऑपरेशनच्या टेबलावर बेत बदलला. आणि एका धमनीच्या गटात पाचातल्या एकाहून जास्त लोकांना मनगटाची धमनी लावलेली होती. म्हणजे तुलना ‘दोन विरुद्ध एक’ अशी राहिलीच नाही. ती ‘बहुतेक दोन विरुद्ध कधी एक, कधी दोन’ अशी झाली. पाण्यात दूध आणि दुधात पाणी मिसळून मग म्हणायचं, दोहोंत फरक नाही.

पहिल्या घोषणेची माणसं इथे खूश होतात. ती म्हणतात, मग चिठ्ठी सोडा, प्रत्यक्षात ज्याला जे लागलं त्याप्रमाणे गट पाडा. तसे पाडले की एकापेक्षा जास्त धमन्या लागलेले बरे दिसतात. पण मंडळी, ही तर पुन्हा ओल्या लाकडाची वाट. टेबलावर बेत का बदलला? कारण त्या माणसाचं काहीतरी सर्जनला बरं दिसलं नाही. चिठ्ठी ज्यासाठी काढली तेच या गट पाडण्यात सोडून दिलं जातं. ज्या चाचणीचा निकाल आवडला नाही ती मागच्या दाराने परत नोंदवही करून टाकायची, हा न्याय नव्हे.

मग ‘आर्ट’ने सिद्ध काय केलं? आमच्या मते एवढंच. दोन धमन्या लावायचं ठरवलेल्या धोरणाने दहा वर्षांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. धोरण आणि धमनी या दोन वस्तू आहेत. धोरणात सर्जनचा हात येतो, त्याची सवय येते, टेबलावरचा बदल येतो. ज्यांनी अशी ऑपरेशनं भरपूर केली होती त्या सर्जनांकडे बेत कमी बदलले. म्हणून ‘दुसरी धमनी चांगली का’ हा प्रश्न ‘कोणाच्या हातची दुसरी धमनी’ असा विचारावा लागतो.

आणखी दोन गोष्टी त्याच चाचणीत आहेत, त्यांच्याकडे कमी लक्ष जातं. एक, दोन्ही छातीच्या धमन्या ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांच्या छातीच्या जखमेच्या तक्रारी ३.५ टक्के, दुसऱ्या गटात १.९ टक्के. जवळपास दुप्पट. कारण छातीच्या हाडाला रक्त याच धमन्यांतून मिळतं. साखरेचा आजार आणि स्थूलपणा असला की हा धोका वाढतो. धमनी आजूबाजूच्या मांसासकट न काढता एकटीच सोडवून घेतली तर तो कमी होतो, पण त्याला हातखंडा लागतो. दोन, त्या चाचणीतले बहुतेक लोक अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत राहिले. गोळ्यांनी शीरही टिकते. आता आपल्याकडे बघा. ऑपरेशन होतं, सहा महिने गोळ्या चालतात, मग ‘आता बरं वाटते’ म्हणून बंद. खर्रा मात्र चालू. परदेशातला ‘फरक नाही’ हा निकाल गोळ्या न घेणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

आता मनगटाच्या धमनीकडे येऊ. तिचा पुरावा वेगळा आहे, आणि आमच्या मते जास्त सरळ आहे. सहा चिठ्ठीच्या चाचण्यांतले १,०३६ रुग्ण एकत्र करून गाउदिनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये निकाल दिला. एकीकडे मनगटाची धमनी, दुसरीकडे पायाची शीर. साधारण पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा काही प्रक्रिया करावी लागणं, असं काहीही होण्याचं प्रमाण धमनीच्या गटात एक-तृतीयांशाने कमी. पुढे दहा वर्षांच्या हिशेबातही कल तोच राहिला.

इथेही शब्द तपासू. मृत्यू, हार्ट अटॅक आणि पुन्हा प्रक्रिया, या तीन गोष्टी एका टोपलीत घातल्या आहेत. पाच वर्षांच्या निकालात एकट्या मृत्यूचा हिशेब केला तर फरक ठरत नाही. फरक मुख्यतः पुन्हा प्रक्रिया लागण्यात आहे. कोणी म्हणेल, मग ही टोपली फसवी झाली. आम्ही तसं म्हणणार नाही. पुन्हा प्रक्रिया ही मुंबईतल्या माणसाला आठ दिवसांची गैरसोय असेल. इथल्या माणसाला ती पुन्हा नागपूर, पुन्हा मुलाची मजुरी बुडणं, कदाचित बैल विकणं असते. पोळ्याच्या गावात बैल विकण्याचा अर्थ आम्ही सांगायला नको. ‘जीव वाचला का’ एवढाच प्रश्न धरला तर हा सगळा खर्च हिशेबातून निसटतो. म्हणून टोपली उघडून बघा, पण फेकून देऊ नका.

मनगटाच्या धमनीची अटही मोठी आहे. ज्या वाहिनीला ती जोडायची ती चांगलीच अरुंद झालेली हवी. अडथळा मध्यम असेल तर मूळ वाटेने रक्त येतच राहतं, नव्या वाटेने फारसं वाहत नाही, आणि ही धमनी आखडून दोरीसारखी होते. संत्र्याचं कलम करणाऱ्याला हे लवकर समजेल. डोळा कितीही जातिवंत असो, खुंट आणि जमीन बघितल्याशिवाय कलमाला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. जंबेरीवर की रंगपूर लाइमवर, हे जमीन ठरवते. तसंच इथे. ‘उत्तम ग्राफ्ट कोणता’ हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या वाहिनीला, किती अडथळ्याला, कोणाच्या शरीरात, हे जोडल्यावर तो पुरा होतो.

आणि एक गोष्ट, जिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. हल्ली अँजिओग्राफी मनगटातून करतात. पेशंटला ते सोयीचं आहे, रक्तस्राव कमी होतो. पण ज्या धमनीतून नळी गेली तिच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असू शकते, म्हणून ती बायपासला वापरू नये असा सल्ला दिला जातो. बहुतेकदा नळी उजव्या हातातून जाते आणि बायपासला डावा हात घेतात, तेव्हा अडचण येत नाही. पण डावखुरा माणूस असला, किंवा दोन्ही मनगटं वापरून झाली, तर एक पर्याय सर्जन भेटायच्या आधीच गेला. निवड करायला कोणी बसलंच नव्हतं आणि निवड होऊन गेली.

पैशाचंही बोलू. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. या योजनेने बायपास गरिबाच्या आवाक्यात आणली, ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. पण कोणत्याही ठरलेल्या रकमेच्या पद्धतीत एक स्वभाव असतो. दुसरी धमनी सोडवायला लागणारा जादा वेळ त्या रकमेत वेगळा दिसत नाही. उलट जिथे दर मोकळे असतात तिथे ‘संपूर्ण धमनी बायपास’ ही जाहिरातीची ओळ होते. एकीकडे निवडीला किंमत नाही, दुसरीकडे निवडीचीच विक्री. दोन्हीकडे पेशंटचा खुंट आणि जमीन बघायची राहून जाते.

याच ठिकाणी मोठ्या माणसाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली, २००४ मध्ये अँजिओप्लास्टी, आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत एम्समध्ये दुसरी बायपास, मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली. ते डिसेंबर २०२४ पर्यंत, वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत जगले. उदाहरण मोठं आहे, पण ते काय सांगतं? न्यायशास्त्रात उदाहरण हा अनुमानाचा एक अवयव आहे, अख्खं अनुमान नव्हे. या उदाहरणावरून एवढं शिकावं की बायपास ही एकदा करून विसरायची गोष्ट नाही, अठरा-एकोणीस वर्षांनी पुन्हा दार वाजू शकतं. पन्नाशीतल्या माणसासाठी पहिल्याच वेळी टिकाऊ वाहिनीचा विचार का करायचा, ते यातून कळतं. अमुक धमनीने माणूस अमुक वर्षं जगतो, हे यातून निघत नाही.

तर निष्कर्ष. लिमा एलएडीला, यावर वाद नको. दुसऱ्या वाहिनीसाठी, अडथळा मोठा असेल, हाताची तपासणी ठीक असेल आणि माणसापुढे दहा-पंधरा वर्षं असतील, तर मनगटाच्या धमनीची बाजू बळकट आहे. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीही शिरेपेक्षा तिला पसंती दिली आहे. छातीच्या दोन्ही धमन्या सरावाच्या हातातच, आणि साखर व वजन बघून. पायाची शीर बाद झालेली नाही. वय झालेल्या माणसाला, तातडीच्या ऑपरेशनात, मध्यम अडथळ्याला ती आजही योग्य आहे.

आणि सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. कोणत्या वाहिनीवर काय जोडणार, धमनी की शीर? दुसरी धमनी तुम्ही नेहमी लावता की क्वचित? माझ्या साखरेमुळे छातीचं हाड भरायला धोका किती? मनगटाची धमनी घ्यायची असेल तर अँजिओग्राफी कोणत्या हातातून झाली होती? या प्रश्नांनी डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला सर्जन या प्रश्नांची वाटच बघत असतो.

प्रश्न : सर, माझ्या वडिलांना छातीची एक आणि पायाच्या दोन लावल्या. बहात्तर वर्षांचे आहेत. मग आमचं चुकलं काय?

उत्तर : अजिबात नाही. मुख्य वाहिनीला धमनी मिळाली, ते सर्वांत महत्त्वाचं. शीर खराब व्हायला वर्षं लागतात, म्हणून धमनीचा जादा फायदा मिळायलाही वर्षं लागतात. बहात्तराव्या वर्षी हा हिशेब पन्नाशीसारखा नसतो. तुमच्या हातात आता जे आहे ते करा. गोळ्या एक दिवस चुकू देऊ नका, साखर आणि रक्तदाब बघा, खर्रा सोडवा. शीर टिकवण्याचं काम ऑपरेशननंतर घरात होतं.

प्रश्न : तुम्ही जे आकडे सांगितले ते बायांनाही लागू आहेत का?

उत्तर : ताई, हा प्रश्न आमच्या व्याख्यानात यायला हवा होता, तुम्ही आणलात, बरं झालं. अशा चाचण्यांत पुरुषच जास्त असतात. बायकांच्या वाहिन्या बारीक असतात, त्या दवाखान्यात उशिरा पोचतात, बहुधा वय वाढल्यावर आणि साखर जडल्यावर. म्हणून पुरुषांवरून काढलेला नियम त्यांना आपोआप लागू होतो असं धरणं हीही उपाधी विसरण्याचीच गोष्ट. २०१८ मध्ये ‘रोमा’ नावाची मोठी चाचणी सुरू झाली, चार हजारांहून अधिक रुग्णांची, एक धमनी विरुद्ध अधिक धमन्या असा प्रश्न घेऊन. तिच्या सोबतीला फक्त स्त्रियांसाठी वेगळी चाचणी काढावी लागली, यावरूनच आधीच्या पुराव्यात काय कमी होतं ते कळतं. तोवर तुमच्या आईच्या, सासूबाईंच्या वेळी ते चार प्रश्न तर विचाराच. आणि पाचवा जोडा, ‘हे बायकांवर बघितलेलं आहे का?’